पाटावर बसण्यापुरतं बळ

आमच्या जिममध्ये एक मशीन आहे, खुर्चीसारखं. त्यावर बसायचं, नडगीवर फोमचा रूळ टेकवायचा आणि गुडघ्यातून पाय सरळ करत वजन वर न्यायचं. लेग एक्स्टेन्शन म्हणतात त्याला. मांडीचा पुढचा स्नायू तेवढा राबतो, बाकी सगळं अंग सुट्टीवर. त्या मशीनवर माझा राग आहे आणि तो आजचा नाही. मालकाला मी कितीदा सांगितलं, देऊन टाका भंगारात, तेवढ्या जागेत माझ्या बॅचच्या बायका स्क्वॅट मारतील. तो हसतो. म्हणतो, मॅडम, लोक जिम बघायला येतात तेव्हा आधी मशिनीच मोजतात.

मी आसनगावला स्टेशनजवळ बायकांची बॅच घेते. हार्डवेअरच्या दुकानावरचा गाळा आहे, पत्र्याखाली उन्हाळ्यात भाजून निघतो आम्ही. जिममध्ये दोन प्रकारची माणसं असतात. एक प्रकार एकेका स्नायूला बाजूला काढून घोटवत बसतो, आज दंड, उद्या खांदे, परवा पोटऱ्या. ते आयसोलेशन. दुसरा प्रकार माझ्यासारख्यांचा. आम्ही अख्खं अंग एका कामाला जुंपतो. खाली बसून उठायचं, जमिनीवरून वजन उचलायचं, उचललेलं घेऊन चालायचं. ते कम्पाउंड. विहिरीवरून हंडा उचलणाऱ्या बाईला पाय, कंबर, पाठ आणि मनगट एकदमच लागतात, तिला कोणी सांगत नाही की आज फक्त दंडाचा दिवस. हे मी इतक्या तावातावाने सांगत असते की बायका म्हणतात, मॅडमना कोणीतरी पाणी द्या. त्यांना वाटतं मी जिमबद्दल बोलते आहे. मी माझ्या बाबांबद्दल बोलत असते.

बाबांच्या अंगावरून वारं गेलं ते झोडणीच्या दिवसांत, खळ्यावर. भाताची पेंढी उचलायला वाकले आणि डाव्या कुशीवर पडले ते पडलेच. डॉक्टरांनी वाचवलं. हात पुष्कळसा परत आला, तोंड सरळ झालं, पण डावा पाय मागे ओढत राहिला. काठी घेऊन चालायचे. जमिनीवर बसणं मात्र संपलं. आमच्या घरात प्लास्टिकची खुर्ची आली आणि बाबा तिच्यात जे बसले ते जेवायलासुद्धा तिथेच. गावात कोणाचं पोतं टेम्पोत चढत नसलं की ज्यांच्या नावाने हाक जायची तो हा माणूस. आई खाली पाटावर ताट घेऊन बसायची आणि मान वर करून त्यांच्याशी बोलायची.

त्याच सुमारास माझं लग्न ठरलं. गावाच्या हिशेबाने मी केव्हाच घोडनवरी झाले होते, त्यामुळे सगळ्यांनाच घाई. मुलगा मुरबाडकडचा, डेअरीत कामाला, माझी जिम चालू राहील असं स्वतःहून बोलला म्हणून मी हो म्हटलं. आमच्याकडे लग्नात मुलीचे आईबाप जोडीने पाटावर बसतात. देवकाला बसतात, हळदीला बसतात, कन्यादानाला बसतात. मांडीला मांडी लावून बसायचं, उठायचं, पुन्हा बसायचं, तासन्‌तास तेच. मी एकुलती एक. म्हणजे बाबांना आयुष्यात हे एकदाच मिळणार होतं.

काका सरळ मनाने म्हणाले, दादा, तू खुर्चीत बस, पाटावर आम्ही जोडपं बसू. तसं चालतंच, कोणी नावं ठेवत नाही. त्या दिवशी बाबा जेवण अर्धवट टाकून ताटात हात धुवून उठले, एवढंच. दुसऱ्या दिवशी मी स्कूटर काढत होते तर काठी टेकत अंगणात आले आणि म्हणाले, मला तुझ्या जिमला ने. का, ते सांगायची गरज नव्हती. माझ्या लग्नात आईच्या शेजारी पाटावर बसायचं आणि कोणाचा हात न धरता उठायचं. तेवढंच पाहिजे होतं त्यांना. मला इतका आनंद झाला की मी हेल्मेट न घालताच निघाले.

पहिल्या दिवशी मी त्यांना उंच स्टुलावरून उठायला लावलं. नाही जमलं. डावा गुडघा थरथरला, त्यांनी माझा खांदा पकडला आणि कोपऱ्यातल्या दोन पोरी बघत होत्या ते त्यांनी बघितलं. मग नजर गेली त्या मशीनवर. तिथे बसल्यावर डाव्या पायाने वजन उचललं. थोडंसंच, पण उचललं. वारं गेल्यापासून पहिल्यांदा बाबा हसले.

झालं. त्या दिवसापासून मशीन आणि बाबा. स्टुलाकडे ढुंकून बघेनात. तिथे हार होती, इथे दर पंधरवड्याला वजनाची एक प्लेट वाढत होती. नाक्यावर चहा पिताना लोकांना सांगायचे, आज इतकं उचललं. मांडी खरोखर भरली, हात लावला तर लाकडासारखी लागायची. मी आरडाओरडा केला, बाबा, तुम्हाला पाटावर बसायचंय, पाटाला लाथा नाही मारायच्या. तर म्हणायचे, पायात ताकद आली की बसणं काय, आपोआप येतं. आई मध्ये पडायची. राहू दे गो, हसतात तरी. मी गप्प बसायचे. गप्प बसणं मला जमत नाही, पण आईपुढे बसायचे.

मग साखरपुडा झाला, आमच्याच ओटीवर. मुरबाडची मंडळी आली, पाट मांडले. काका-काकी बसायला पुढे झाले तसे बाबांनी काठी भिंतीला टेकवली आणि सगळ्यांना बाजूला सारून, खांबाला धरून, पाटावर बसले. आई शेजारी बसली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी इथे लिहू शकत नाही, मला लिहिता येणार नाही. मंडळी कौतुक करू लागली. विधी झाला, सगळे उठले, आई उठली. बाबा उठायला गेले आणि त्यांचा डावा पाय सरळ पुढे ताठ झाला. मशीनवर व्हायचा तसाच, अगदी झकास, पूर्ण ताकदीने. आणि बाकीचे बाबा होते तिथेच राहिले. पायाला तेवढंच शिकवलं होतं. अंग पायावर कसं घ्यायचं, कंबर कुठे न्यायची, तोल कसा पुढे टाकायचा, यातलं काही त्याला ठाऊकच नव्हतं.

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा पाय पुढे. शेवटी काका आणि माझे दोन मामा यांनी काखेत हात घालून त्यांना उचललं, भाताचं पोतं उचलतात तसं. माझे होणारे सासरे भले माणूस, ते उगाच मोबाइलमध्ये बघत राहिले. काका पुटपुटले, तरी सांगत होतो. मला एकदम इतका राग आला, काकांचा, मशीनचा, त्या लाकडासारख्या मांडीचा, की मी आत जाऊन पेढ्यांचा बॉक्स आपटला. पेढे घरभर झाले.

चार दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत. मग एका सकाळी मी अंगणात स्कूटर पुसत होते तर आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "तुजं जे काय असंल ते शिकव बाय. पन हितंच, घरात. तिथं नको."

मग आम्ही घरात सुरुवात केली. आईने आळीतल्या घराघरांतून पाट मागून आणले. एकावर एक असे रचले की जवळपास खुर्चीएवढी चळत झाली. बाबांनी त्यावर बसायचं आणि उठायचं. नीट जमलं की वरचा एक पाट काढून ज्याचा त्याला परत करायचा. मग त्याहून खालून उठायचं. आई समोर उभी राहायची, त्यांचे दोन्ही हात धरून. ते खाली गेले की ती खाली, ते वर आले की ती वर. मी बाजूला उभी राहून ओरडायचे, छाती वर, टाच टेकवा, ढोपर बाहेर. आई म्हणायची, शाळेत मास्तरांनी द्यायच्या राहिल्या त्या उठाबशा आता लेक वसूल करते. रस्त्याने जाणारी माणसं कुंपणाशी थांबायची. एकदा कोणीतरी बाई हसून काही बोलली तर आईने तिथल्या तिथे ऐकवलं, लग्नातसुद्धा एवढा वेळ हात धरला नव्हता यांनी, आता कुठे धरलाय तर नजर नको लावूस. बाबा लाजले. माझ्या बापाला मी आयुष्यात तेवढंच एकदा लाजताना बघितलं.

पाट परत जायला लागले. ज्या घरी पाट परत गेला त्या घरात गोष्ट जायची की दादा आता एवढ्या खालून उठतो. बादल्या धरून अंगणात फेऱ्या चालू झाल्या, आधी रिकाम्या, मग पाण्याच्या. मांडीचा लाकडासारखा टणकपणा गेला, पण पायऱ्या चढताना काठी विसरायला लागले. पाऊस लागायच्या आत आमच्या घरचा एकच पाट खाली उरला. जेवायलासुद्धा बाबा आईच्या शेजारी खालीच बसू लागले. आई आता हात धरत नव्हती, नुसती शेजारी बसायची आणि त्यांच्याबरोबर उठायची. उठताना बाबा तिच्या खांद्याला बोटं लावायचे, भार न टाकता. मी म्हटलं, ते पण सोडा आता. आई म्हणाली, ते राहू दे गो, तेवढं लागतंय मला.

लावणीत आईला ताप आला. चिखलात दिवसदिवस उभं राहिल्यावर कोणाला ताप येत नाही, असं म्हणून तिने दुकानातली गोळी घेतली आणि पुन्हा शेतात गेली. मी रागावले, तिने ऐकलं नाही. आमच्याकडे लावणी सोडून कोणी तापाला निजत नाही. मग डोळे पिवळे झाले, लघवी बंद झाली. शहापूरला नेलं, तिथून पुढे ठाण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, उंदराच्या लघवीचं पाणी, शेतातलं, त्याचा ताप असतो हा, मूत्रपिंड गेलं. त्यांनी खूप केलं. शुद्धीवर होती तोवर ती मला सांगत राहिली, यांच्या उठाबशा चुकवू नको. मी म्हणायचे, तूच ये आणि घे. ती आली नाही. अजून माहेरचं दार उघडताना मला वाटतं ती चुलीपुढे बसलेली असेल, आणि मग नसते.

मला भाऊ नाही. त्यामुळे सगळं बाबांनीच केलं. दहाव्याला आम्ही नदीवर गेलो. घाटावर ओलं होतं, भटजींनी दर्भ मांडले आणि बाबांना बसायला सांगितलं. काका धावत खुर्ची घेऊन आले. बाबांनी ती हाताने बाजूला केली आणि खाली बसले. टाच टेकवून, छाती वर, मी शिकवलं होतं अगदी तसे. पिंड झाले, कावळा लवकर शिवला, आणि बाबा उठले. कोणाचा हात नाही, खांब नाही, काठी नाही. पहिल्यांदा चारचौघांत जमिनीवर बसून स्वतःचे स्वतः उठले ते माझ्या लग्नाला नाही, आईच्या दहाव्याला.

माणसं म्हणाली, दादाची तब्येत बरीच सुधारली हो. चांगल्या मनानेच म्हणाली. मला वाटलं नदीतला एकेक धोंडा उचलून त्यांना मारावा.

घरात मरण झालं की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. जाणत्यांनी वर्षाच्या आतलाच मुहूर्त धरला. मला लग्न नको होतं. बाबा म्हणाले, तिनं तुझी साडी घेऊन ठेवलीय, ती काय मी नेसू. म्हणून झालं.

आणि मग तो पाटाचा प्रश्न आला. बाबा आता विधुर. कन्यादानाला जोडपंच लागतं. एकटा माणूस पाटावर बसत नाही, मग त्याचे पाय पोलादाचे असले तरी. कोणी ते मोठ्याने बोललंही नाही, काका-काकींसाठी नवी कापडं आली त्यावरून मला कळलं. मी मांडवात सगळ्यांसमोर भांडले. हळद लागलेली नवरी, अंगाला पिवळं, केस मोकळे, आणि मी भटजींना विचारते, बायको गावाला गेली असली तर पूजेला तिच्या जागी सुपारी ठेवता ना? मग ठेवा की सुपारी. माझ्या बापाने वर्षभर घाम गाळलाय. तो बसला नाही तर मी पण उभी राहणार नाही. आत्या माझा हात ओढत होती. मुरबाडला फोन गेला, तिथून सासऱ्यांचा निरोप आला की आमची हरकत नाही. भटजी म्हातारे होते, त्यांनी पंचांग उघडलं, मिटलं. मग म्हणाले, रीत नाही, पण यजमानांची इच्छा असेल तर मी सुपारी मांडतो.

सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. मी जिंकले होते. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं मी आईलाच थोडीशी परत आणली.

बाबा मांडवाच्या खांबाजवळ उभे होते. सावकाश माझ्याजवळ आले. माझ्या गालावरची हळद त्यांच्या बोटांना लागली.

"बाय, मी पाटावर बसाया नव्हतो शिकत," ते म्हणाले. "तिच्या बाजूला बसाया शिकत होतो. सुपारी नको."

मग काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, बस तू. काका रडायला लागले. तेच काका, ज्यांच्यावर मी वर्षभर डूख धरून होते. कन्यादान त्यांनी केलं. डोळे पुसता पुसता त्यांनी सोडलेलं पाणी माझ्या हातावर कमी आणि साडीवर जास्त सांडलं. बाबा पुढच्या रांगेत खुर्चीत बसले, मांडीवर दोन्ही हात ठेवून, फोटोसाठी बसतात तसे.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा दुपार होती. किन्हवलीच्या रस्त्याने स्कूटरवरूनच आले मी, नवरा कामावर होता. शेजारची काकी डबा देऊन गेली होती. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत ताट मांडीवर घेऊन जेवत होते. मला बघून खूश झाले. माझं मात्र डोकं फिरलं. म्हटलं, एवढं सगळं करून पुन्हा खुर्ची? चार महिने व्यायाम सोडला की वर्षाची कमाई जाते, स्नायू कोणाची वाट बघत नाही, माझ्या बॅचमधल्या बायकांना मी हेच सांगते आणि माझाच बाप ऐकत नाही. खूप बोलले. स्वयंपाकघरातनं पाट आणून त्यांच्यापुढे आपटला.

त्यांनी ऐकून घेतलं. ताट बाजूला ठेवलं. मग उठले आणि पाटावर बसले. किती सुंदर बसले, म्हणजे मी रोज इतक्या बायका बघते, इतकं नीट कोणी बसत नाही. क्षणभर थांबून उठले, कशालाही न धरता. पुन्हा बसले, पुन्हा उठले. म्हणजे काहीच सुटलं नव्हतं. मी नसताना रोज करत असणार, आईने सांगितलेलं पाळत असणार.

"बघ, येतंय," ते म्हणाले. आणि परत खुर्चीत जाऊन बसले, ताट मांडीवर घेतलं.

मग का, मी विचारलं. माझा आवाज अजून चढलेलाच होता.

बाबांनी घास केला, तो तसाच हातात राहिला.

"जेवाया खाली बसलो की मी बाजूला बघतो गो," ते म्हणाले. "खुर्चीत बसलो तर कमी बघतो."

मी पाट उचलला आणि आत नेऊन भिंतीला लावून ठेवला. बाहेर आल्यावर त्यांना आणखी भात वाढला.